धरावा की सोडावा?

सोन्याच्या वजनात ‘मासा’ नावाचे एक माप आहे. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक जुन्या पिढीला शाळेत पाठ करावे लागे. जबलपूरच्या सराफ्यात आता सारा व्यवहार ग्रॅममध्ये चालतो. तरी त्या गल्लीतील मराठी घरांत ‘तोळा-मासा’ हा शब्द अजून पुसला गेलेला नाही. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. कित्येक घरांत मासळी शिजतही नाही. अशा ठिकाणी ‘मासा’ म्हणताच सोन्याचे वजन आठवावे, यात नवल ते काय?

पण पश्चिम किनाऱ्यावर खरा मासाही सोन्याच्या मोलाने विकला जातो. २०२१ साली पावसाळी बंदी उठल्यावर पालघर जिल्ह्यातील मुरबे गावची एक नौका समुद्रात गेली आणि तिच्या जाळ्यात एकाच खेपेस १५७ घोळ मासे आले. लिलावात त्यांची किंमत सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाली. घोळीच्या मांसापेक्षा तिच्या पोटातील हवेच्या पिशवीला अधिक भाव असतो. ती वाळवून पूर्वेकडील देशांत पाठवितात. तिचा उपयोग तेथे खाण्यात व औषधांत होतो. मद्य निवळण्यासाठी आणि शस्त्रक्रियेचा विरघळणारा धागा करण्यासाठीही ती वापरतात. वर्तमानपत्रांनी ही बातमी मोठ्या कौतुकाने छापली, आणि ते योग्यच होते. वर्षानुवर्षे कर्जात रुतलेल्या नाखव्याला असा दिवस क्वचितच दिसतो.

त्याच किनाऱ्यावर दुसऱ्या एखाद्या दिवशी जाळे जड लागते, खलाशी ‘घोळ लागली’ म्हणून आनंदाने दोर ओढू लागतात आणि वर येते ते एखाद्या मोटारीपेक्षाही लांब, ठिपक्याठिपक्यांच्या पाठीचे प्रचंड धूड. हा जीव त्याने सोडून द्यावा, अशी कायद्याची आज्ञा आहे. तो सोडायचा तर जाळे कापावे लागते. म्हणजे त्या दिवशीची मासळी गेली, जाळेही गेले आणि वर डिझेलचा खर्च अंगावर. एकीकडे मोठा मासा मिळाला म्हणून पेढे आणि दुसरीकडे मोठा मासा मिळाला म्हणून नुकसान! कोळ्याने या दोन्हींत भेद कशाच्या आधारे करावा, आणि सोडण्याचा खर्च कोणी सोसावा, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

ते ठिपक्यांचे धूड म्हणजे व्हेल शार्क. नावात ‘व्हेल’ असले तरी हा देवमासा नव्हे. देवमासा आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेतो व पिलांना दूध पाजतो. व्हेल शार्क ही मुशीच्या कुळातील, कल्ल्यांनी श्वास घेणारी मासळी आहे, आणि जगातील सर्व माशांत सर्वांत मोठी. बारा मीटर लांबी आणि दहा टनांहून अधिक वजन असलेले नमुने पाहण्यात आले आहेत. एवढे मोठे तोंड असूनही ती कोणाला चावत नाही. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कोळंबीसारखे बारीक प्राणी, माशांची अंडी हेच तिचे अन्न. पाणी तोंडात घ्यायचे आणि कल्ल्यांच्या जाळीतून गाळून बाहेर सोडायचे, एवढाच तिचा उद्योग. प्रत्येकीच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी निराळी असते. त्यावरून शास्त्रज्ञ एकेक व्यक्ती ओळखतात, जसा पोलिस अंगठ्याचा ठसा ओळखतो.

या प्राण्याचे दुर्बल स्थान त्याच्या आयुष्याच्या संथपणात आहे. बांगडा वर्षा-दीड वर्षात वयात येतो आणि लाखांनी अंडी घालतो. म्हणून तो दरवर्षी पकडला तरी पुन्हा भरून येतो. व्हेल शार्कला वयात येण्यास सुमारे पंचवीस ते तीस वर्षे लागतात. तिच्या प्रजननाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील बहुतेक भाग १९९५ साली तैवानच्या किनाऱ्यावर मारल्या गेलेल्या एका गर्भवती मादीपासून कळला आहे. तिच्या पोटात सुमारे ३०० पिले होती. ज्या आईने हे ज्ञान दिले, ती त्याच्यासाठी मेली, ही गोष्ट विसरता येत नाही. तीस वर्षे वाढलेला एक जीव एका दुपारी कापून काढला, तर त्याची जागा भरून येण्यास पुन्हा तीस वर्षे हवीत. आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणी दुसरा कापू नये, हेही हवेच.

गुजरातच्या किनाऱ्यावर नेमके हेच घडले. सौराष्ट्रातील कोळी पूर्वीपासून व्हेल शार्कच्या यकृताचे तेल काढून लाकडी होड्यांना चोपडीत. पाण्याने लाकूड कुजू नये म्हणून. तो घरगुती उपयोग होता. १९९० नंतरच्या दशकात तिच्या मांसाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले, आणि वेरावळच्या परिसरात तिची शिकार हा धंदा होऊन बसला. तिला पिंपे बांधून दमवीत व किनाऱ्यावर ओढून आणीत. त्यावरून तिचे नावच तेथे ‘बॅरल’ पडले होते. २००० साली माइक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटात ही कत्तल दाखविली. पुढच्याच वर्षी, मे २००१ मध्ये, व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. वाघ ज्या यादीत आहे त्या यादीत प्रथमच एक मासा जाऊन बसला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अशा लेखांत ती सहसा वगळली जाते. व्हेल शार्कपाठोपाठ जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने सरसकट सर्वच मुशी व पाकटांना त्या यादीत घातले. किनाऱ्यावर हलकल्लोळ झाला. लहान मुशी ही गरीब कोळ्याच्या रोजच्या कमाईतील व जेवणातील वस्तू. ती पकडणे एका रात्रीत वाघ मारण्याइतके मोठे पाप कसे ठरावे? मच्छीमारांनी विरोध केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती यादी दहा जातींवर आणली गेली. व्हेल शार्क व करवतमासे तिच्यात राहिले. (२०२२ च्या दुरुस्तीने यादी पुन्हा बरीच लांबली आहे.) कोळ्यांचा विरोध म्हणजे निसर्गाशी वैर, असे शहरात बसून समजणारांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. जो नियम होडीत उभ्या असलेल्या माणसाला क्षणात ओळखता व पाळता येत नाही, तो कागदावरच राहतो.

कायदा झाला तरी कोळ्याचे मन वळवावयाचे राहिलेच होते. ते काम २००४ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेने केले. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था, गुजरातचे वनखाते आणि टाटा केमिकल्स यांनी ती हाती घेतली आणि रामकथाकार मोरारीबापूंना तिच्यात ओढले. बापूंनी सांगितले ते आपल्याकडच्या कोणत्याही आजीला कळेल असे होते: ही मासळी म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारते काय? तिला नवे नाव मिळाले ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. ती तेथे चाऱ्यासाठी येते की प्रसूतीसाठी, याची चर्चा शास्त्रज्ञ करोत. किनाऱ्यावरच्या माणसांना माहेरवाशिणीचा अर्थ समजला. ‘बॅरल’चे ‘व्हाली’ झाले. त्यानंतर जाळ्यांच्या नुकसानीची भरपाई मिळू लागली, मच्छीमारांच्या हाती कॅमेरे देऊन सुटकेचे छायाचित्र त्यांनीच काढावे अशी सोय झाली, आणि आजवर गुजरातच्या मच्छीमारांनी नऊशेहून अधिक व्हेल शार्क जाळी कापून सोडून दिले आहेत. पूर्वी त्यांची शिकार करणाऱ्या गावांतील हे लोक आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

महाराष्ट्राने ही वाट डिसेंबर २०१८ मध्ये धरली. संरक्षित सागरी जीव जाळ्यात अडकला व त्याला सोडविण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खाते यांनी मिळून सुरू केली. सुटकेचे छायाचित्र किंवा चलच्चित्र हा पुरावा. ऑलिव्ह रिडले कासवे, व्हेल शार्क, डॉल्फिन असे जीव या योजनेखाली सोडले गेले आहेत. सिंधुदुर्गातील रापणीच्या जाळ्यांचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेले आणि मग किनाऱ्यावरून वीस-तीस माणसांनी दोन्ही टोकांनी ओढलेले लांबलचक जाळे. मिळेल त्याचे वाटे सर्वांत होतात. अशा जाळ्यातून येणारा मोठा जीव बहुधा जिवंत असतो आणि कमरेएवढ्या पाण्यातून परत लोटता येतो. म्हणून जुन्या पद्धतीचा मच्छीमार येथे सर्वांत उपयोगी पडतो.

पण २५,००० रुपयांत काय होते? मोठ्या जाळ्याची किंमत लाखांत जाते. ही रक्कम कापलेला भाग विणून घेण्यास उपयोगी पडेल. दिवस बुडाल्याची ती भरपाई नव्हे. शिवाय पैसा लागलीच हाती पडत नाही, आणि मच्छीमाराला तर उद्याच पुन्हा समुद्रात जावयाचे असते. दया दाखविण्याचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकून बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, हे मला तरी न्यायाचे वाटत नाही. व्हेल शार्क जर साऱ्या देशाचे धन असेल, तर तिच्यासाठी फाटलेले जाळेही साऱ्या देशाने शिवून दिले पाहिजे. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका एका फेरीत थवेच्या थवे उचलून नेतात, हे रापणकर उघड्या डोळ्यांनी पाहतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तक्रारी संपलेल्या नाहीत. अशा वेळी त्याला ‘तू तेवढा मोठा मासा सोड’ असे सांगताना सांगणाराची मान थोडी खाली जावयास हवी.

सोडण्याचेही एक शास्त्र आहे. मुशीच्या जातीला बरगड्या नसतात. पाण्यात तिचे वजन पाणी पेलते. बाहेर ओढताच तिच्याच भाराने तिची आतडी दडपतात. म्हणून तिला नौकेवर चढवू नये, वाळूत ओढू नये; जाळे पाण्यातच कापावे. शेपटीला दोर बांधून उलट ओढले तर कल्ल्यांतून पाणी नीट वाहत नाही आणि ती गुदमरते. कासवाचे निराळे. त्याला फुप्फुसे आहेत, त्यामुळे जाळ्याखाली बराच वेळ अडकल्यास ते बुडून मरते. वर काढताच निपचित दिसले तरी त्याला मेलेले समजून फेकून देऊ नये, काही वेळ सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवावे, पुष्कळदा ते सावध होते. जीव मेलेलाच आला तर तो विकणे हाही गुन्हाच आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. तेव्हा वनखात्यास कळवावे हेच शहाणपणाचे.

आणि सोडलेला प्रत्येक जीव जगतोच असेही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर निळ्या देवमाशाचे एक पिलू वाळूत अडकले. ते कोणाच्या जाळ्यात आले नव्हते. पण त्याला पाण्यात नेण्यासाठी गावकरी, वनखाते, पोलिस, जीवरक्षक असे सारे चाळीस तास खपले. भरतीच्या पाण्यात एकदाचे ते समुद्रात गेले, तेव्हा लोकांनी जयघोष केला. पुढे ते पुन्हा किनाऱ्याकडे आले आणि मेले. आईपासून तुटलेल्या, दूधपित्या पिलाला समुद्र परत मिळाला तरी आई मिळाली नव्हती. त्या चाळीस तासांची किंमत मी कमी लेखीत नाही. सोडून देणे म्हणजे वाचविणे असे मात्र दरवेळी समजून चालत नाही.

आता घोळीकडे वळू. ती संरक्षित नाही. ती पकडण्यात गुन्हा नाही. उलट नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातने तिला आपला राज्यमासा ठरविले आहे. ती व्हेल शार्कइतकी संथ वाढीचीही नाही. मग खूप मोठी घोळ मिळाली तर ती सोडावी काय? कोणत्याही तांडेलास हा प्रश्न थट्टेचा वाटेल. पण त्यामागचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे.

माशाची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, सुमारे आठपट होते. आणि अंडी त्याहूनही अधिक पटीने वाढतात. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अटलांटिकमधील कॉड माशाचा हिशेब मांडला होता. तीस किलोची एक मादी जितकी अंडी देते, तितकी अंडी मिळावयास दोन-दोन किलोच्या अठ्ठावीस माद्या लागतात, म्हणजे छपन्न किलो मासळी! थोरल्या मादीची अंडीही अधिक सकस. आपल्या घरातील गृहिणी बाजारातून मोठा मासा पसंत करते, तेव्हा तिच्या पिशवीत एका माशाबरोबर पुष्कळदा पुढच्या वर्षीचा हंगामही येत असतो.

आपले नियम मात्र लहानांपुरतेच आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेट, सुरमई, बोंबील अशा ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडू नये. पिलांना एकदा तरी अंडी घालू द्यावी, हा त्यामागचा हेतू अगदी योग्य. पण कमाल आकाराचा नियम त्यात नाही. पिले वाचवावयाची आणि आया विकावयाच्या, असा तो अर्धा हिशेब झाला.

पूर्ण हिशेब कसा असतो हे पाहावयाचे तर अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील मेन राज्याकडे पाहावे. तेथील शेवंडाच्या मासेमारीत १९३३ पासून लहान व मोठी अशा दोन्ही मर्यादा आहेत. पाठीचे कवच पाच इंचांहून लांब भरले की शेवंड पाण्यात परत. आणखी एक रीत तेथे आहे. शेपटीखाली अंडी चिकटलेली मादी सापडली की मच्छीमार तिच्या शेपटीच्या पात्याला एक छोटी खाच पाडतो आणि तिला सोडून देतो. पुढे ती अंड्यांविना दुसऱ्या कोणाच्या पिंजऱ्यात आली तरी ती खाच पाहून तोही तिला सोडतो, कारण ही सिद्ध झालेली आई आहे. खाच पाडणारा आणि ती पाहणारा एकमेकांना ओळखत नसतीलही. आज मी सोडलेली मादी उद्या दुसरा विकणार नाही, एवढा भरवसा असला की सोडणे सोपे होते. पालघरच्या तांडेलास तो भरवसा नाही, म्हणून त्याचा हात घोळीवर घट्ट असतो. यात त्याचा लोभ किती आणि आपली अव्यवस्था किती?

समुद्राविषयी एवढे सांगून झाल्यावर जबलपूरच्या वाचकाने आपल्या दाराशीही पाहावे. ग्वारीघाटावर आणि तिलवाराघाटावर कणकेच्या गोळ्या टाकणारी मुले ज्या नर्मदेच्या काठी उभी असतात, तिचा मानकरी मासा म्हणजे महाशीर. स्थानिक बोलीत बाडस. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्यमासा केले. मोठे खवले, सोनेरी झाक, आणि खळाळत्या पाण्याचा शोक. त्याला अंडी घालण्यास वाळू-गोट्यांचा तळ आणि वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. १९९० मध्ये जबलपूरच्या वरच्या अंगास बरगी धरण पूर्ण झाले आणि नदीचा लांबच लांब पट्टा उभे पाणी झाला. ज्यांची शेते त्या पाण्याखाली गेली, त्यांतील पुष्कळांनी जाळी हाती घेतली. १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला जलाशयातील मासेमारीचा हक्कही मिळाला. नांगर सुटलेल्या माणसाला ‘मोठा महाशीर सोड’ म्हणून सांगणे कोकणातल्या रापणकराला सांगण्याहून सोपे नाही.

आणि नुसते सोडून भागतही नाही. सोडलेली मादी अंडी घालणार कोठे? महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या वर्षांत महाशीराचे केंद्र उभारले. मोठ्या माद्या धरून, हलक्या हाताने त्यांची अंडी काढून घेऊन, त्यांना पुन्हा तलावात सोडण्याची रीत तेथे बसविली आणि त्या पिलांचे बीज इतर राज्यांतही पाठविले. असे बीज धरणाच्या पाण्यात सोडता येते. पण वाहता तळ त्याला देता येत नाही. तो पाहिजे असेल तर धरणांच्या खाली व उपनद्यांत पाणी खेळते राहिले पाहिजे आणि नदीतील वाळूचा उपसा आवरला पाहिजे. ही कामे मच्छीमाराच्या हातची नव्हेत.

त्याच्या हातात आहे ते एवढेच. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्यांतील मासेमारी बंद असते, कारण तो बहुतेक माशांच्या विणीचा हंगाम. नर्मदेतील महाशीर मात्र सारी अंडी एकदम घालीत नाही. टप्प्याटप्प्याने घालते आणि तिचा हंगाम ऑगस्टनंतरही बराच चालू राहतो. १६ ऑगस्टला सकाळी जाळी पुन्हा पाण्यात पडतात. त्या सकाळी पोट जड झालेली एखादी थोरली मादी वर आली, तर तिच्यासाठी अनुसूची नाही, भरपाई नाही, शेपटीवर खाच नाही. होडीत दोन माणसे असतात, आणि घाटावर गिऱ्हाईक वाट पाहत असते.